दौंडजच्या खिंडीत सापडलेली चंची

जेजुरीच्या तळावर पहाटे पावणेतीनला जाग आली ती टँकरच्या पाण्याच्या आवाजानं. बादल्या भरत होत्या, कुणीतरी "सरका माउली, सरका" म्हणत होतं, तंबूच्या दोऱ्या सुटत होत्या आणि शेजारच्या दिंडीत काकडा सुरू झाला होता. पांघरूण बाजूला केलं तर बोटं पिवळी. आदल्या दिवशी पालखी जेजुरीत शिरताना उधळलेला भंडारा एका आंघोळीनं जात नाही. कानाच्या पाळीमागे, घड्याळाच्या पट्ट्याखाली, टाळाच्या दोरीत तो बसलेला असतो. माझ्या पांढऱ्या सदऱ्याचा उजवा खांदा हळदीचा झाला होता आणि तो पंढरपूरपर्यंत तसाच राहणार होता. विठोबाच्या वाटेवरच्या माणसांवर खंडोबाच्या गावानं हळद टाकावी आणि त्यांनी ती अंगावर तशीच वागवत पुढं जावं, हे मला फार आवडतं.

मी एसटीत 31 वर्षं कंडक्टर होतो. निवृत्त झालो त्या वर्षीच्या आषाढीला वारीला निघालो, यंदाची सहावी. नोकरीत असताना आषाढीच्या जादा गाड्यांवर ड्युटी लागायची. पंढरपूरला किती खेपा झाल्या त्याची गणती नाही, पण कळसाचं दर्शन लांबूनच. यात्रेपुरत्या उभारलेल्या स्टँडवर गाडी लावायची, परतीची माणसं भरायची, निघायचं. दारात उभा राहून मी सुट्टे पैसे देत असायचो आणि उतरता उतरता म्हाताऱ्या बायका माझ्या पायाला हात लावायच्या. मी मागं सरकायचो. त्या म्हणायच्या, "असू द्या माउली." तेव्हा कळायचं नाही. आता मीही रस्त्यात दिवसातून वीसदा वाकतो, कुणाच्याही पायाशी, आणि कुणी माझ्या पायाशी वाकलं तर मागं सरकत नाही.

वारीवर लिहिणारे बहुतेक जण दिवे घाटावर लिहितात. फोटोही त्याचेच. पुणे ते सासवड हा तीसएक किलोमीटरचा टप्पा आणि त्यात घाट, त्यामुळं ते बरोबरच आहे. पण मला जेजुरी ते वाल्हे या दिवसाबद्दल लिहायचंय. टप्पा छोटा, 12 किलोमीटरच्या आसपास. दुपारीच मुक्काम. पाय मोकळे असतात, डोकं मोकळं असतं, त्यामुळं शेजारी चालणारं माणूस त्या दिवशी नीट दिसतं.

आमची दिंडी रथामागची, तीन आकडी नंबराची. रथापुढं 27 दिंड्या, त्यांचा मान जुना. मागं दोनशेच्या वर. दोन ट्रक, एक टँकर, सहा तंबू आणि भिशी भरलेली साधारण पावणेदोनशे माणसं, असा आमचा संसार. ट्रक भरून पुढं जातात आणि आपण पोचेपर्यंत वाल्ह्याला तंबू ठोकून, चुली पेटवून तयार असतात. ट्रकवर काम करणाऱ्या पोरांचं चालणं होत नाही. माझ्या मते त्यांची वारी आमच्यापेक्षा काकणभर जास्तच.

निघताना कर्णा वाजतो. तीनदा. पहिल्याला आवरायचं, दुसऱ्याला आपापल्या जागी उभं राहायचं, तिसऱ्याला पाऊल उचलायचं. लाखो माणसं, आणि हलवायला तीन फुंकर पुरतात. माझं सगळं आयुष्य घंटीच्या दोरीवर गेलं, एक घंटी थांबा, दोन घंट्या चला. त्यामुळं तिसरा कर्णा वाजला की माझा हात अजूनही डोक्यावर दोरी शोधायला जातो.

ही शिस्त लावली हैबतबाबा आरफळकरांनी. ते मूळचे साताऱ्याकडच्या आरफळचे, शिंदे सरकारांच्या पदरी सरदार होते. त्याआधी तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 साली पालखी सुरू केली होती. तुकोबांच्या आणि ज्ञानोबांच्या पादुका एकाच पालखीत असायच्या. पुढं एकोणिसाव्या शतकात हैबतबाबांनी माउलींचा सोहळा वेगळा केला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, तंबू दिला, आणि तो मान आजही त्यांच्याकडे आहे. कर्णा, तंबू, चोपदार, कोण कुणाच्या पुढं आणि कोण मागं, सगळ्याची मांडणी लष्करी. फरक एवढाच की या फौजेच्या हातात टाळ आहेत.

तर तिसरा कर्णा झाला आणि आम्ही निघालो. पुढं पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या ओळी, मध्ये पखवाज, मागं वीणेकरी बुवा, त्यांच्यामागं तुळशी आणि पाण्याचे हंडे डोक्यावर घेतलेल्या बायका. जेजुरी सोडताना जो तो वळून गडाला हात जोडतो. उजाडलेलं नसतं. गडावरचे दिवे ढगात बुडालेले दिसतात. मग कारखाने मागं पडतात आणि दोन्ही बाजूंनी उघडा माळ सुरू होतो. या भागात पाऊस मुळातच बेताचा. यंदा तर नांगरट करून ठेवलेली रानं तशीच कोरडी होती. आमच्यातल्या शेतकऱ्यांचं बोलणं त्या रानांकडे बघूनच चाललं होतं. अभंग तोंडात, आणि दोन अभंगांच्या मधल्या जागेत, "तुमच्याकडं पडला का?" "कुठला हो."

माझ्या डाव्या टाचेला सासवडच्या वाटेवरच फोड आला होता. आदल्या रात्री दिंडीतल्या एका ताईंनी त्यातून सुईनं दोरा ओवून ठेवला होता. दोरा आतच सोडायचा, पाणी त्याच्यावाटे हळूहळू निथळतं आणि कातडी जागेवर राहते. पहिला एक मैल प्रत्येक पावलाला दोरा जाणवतो. नंतर पखवाज तुम्हाला ओढून घेतो आणि टाच कुठं आहे ते विसरायला होतं.

दौंडजच्या खिंडीत न्याहारी असते. डोंगराच्या दोन सोंडांमधून रस्ता जातो आणि जवळूनच पुणे-मिरज रेल्वे. रथ थांबला, दिंड्या रस्त्याच्या कडेनं, बांधांवर, दगडांवर पसरल्या. आसपासच्या गावांतून माणसं भाकऱ्यांच्या पाट्या घेऊन आलेली. मला एका आजोबांनी गरम भाकरी, वर पिठलं आणि बुक्कीनं फोडलेला कांदा दिला. मी "बास" म्हणालो तर म्हणाले, "माउली, वरसातनं एकदाच येताय." त्यांनी स्वतः काही खाल्लेलं नव्हतं. सगळं वाटून झाल्यावर पाटीत राहील ते त्यांचं.

खाणं चालू असतानाच रेल्वे आली. लांबूनच शिट्टी, आणि ती शिट्टी डबे पुढं जाईपर्यंत थांबलीच नाही. खिडक्या-दारांतून हात बाहेर. खिंडीत बसलेली सगळी माणसं उठून उभी राहिली. हात वर, पताका वर, टाळ वर, आणि "माउली, माउली" असा आवाज दोन्ही डोंगरांवर आदळून परत आला. मीही उभा राहिलो, हातातली भाकरी तशीच वर धरून. गाडीतून डोकावणाऱ्या माणसांना मी ओळखतो. तिकीट काढून कुठंतरी निघालेली, वेळेवर पोचायचं असलेली माणसं. त्यांच्यातल्या एका बाईनं खिडकीतून हात जोडले होते आणि ती रडत होती.

रेल्वे गेली, कर्णा झाला, आम्ही उठलो. मी पाण्याची बाटली घ्यायला वाकलो तर बांधाच्या दगडाला टेकून एक चंची पडलेली.

आताच्या मुलांना चंची माहीत असेल की नाही कोण जाणे. पानसुपारीची कापडी पिशवी, आत दोन-तीन खण, तोंडाशी गुंडाळायला दोरी. ही जांभळ्या खणाची होती, कडा फाटून पुन्हा हातशिलाईनं दुरुस्त केलेली, आणि ठिगळाचा दोरा हिरवा. उघडून बघितली, कारण उघडल्याशिवाय कुणाची ते कळणार कसं. पहिल्या खणात अडकित्ता, मुठी झिजून गुळगुळीत झालेल्या. चुन्याची पितळी डबी. अर्धी सुपारी, नुकतीच कातरलेली, कडा अजून पांढरी. दुसऱ्या खणात दहाच्या तीन नोटा, चार घड्या घातलेल्या. आणि तिसऱ्या खणात जुन्या लुगड्याच्या तुकड्यात घट्ट बांधलेली एक पुरचुंडी. चाचपून बघितली. दाणे होते. फोन नंबर नाही, नाव नाही, आधार कार्ड नाही.

गाडीत काही सापडलं तर आम्ही ते आगारात जमा करायचो. वस्तू काय, कुठल्या सीटवर, आत काय काय, सगळं लिहून द्यायचं. नेणारा आला की आधी त्याला विचारायचं, आत काय आहे. माझ्या नोकरीत छत्र्या सापडल्या, डबे सापडले, एकदा लग्नाचे दागिने सापडले. दागिन्यांचा मालक स्टँडवर धावत आला तेव्हा त्याच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. माणसाचं काही हरवलं की त्याचा चेहरा कसा होतो ते मी इतक्या वेळा बघितलंय, की ती चंची हातात घेतल्यावर तो चेहरा मला आधी दिसला. फक्त तो कुणाचा ते माहीत नव्हतं.

पुढच्या दोन-तीन दिंड्यांत विचारलं. मागं थांबून आणखी दोन दिंड्यांत विचारलं. कुणी म्हणालं पोलिसांकडे द्या, कुणी म्हणालं ठेवा दानपेटीत. आमचे वीणेकरी बुवा चालता चालता म्हणाले, "समाजआरतीला चोपदारांकडं द्या. जिथली वस्तू तिथं जाईल." मग मी ती हातात धरूनच चालू लागलो. खिशात घातली तर टाळ वाजवताना पडेल अशी भीती, आणि हातात दिसली तर ओळखीचं माणूस आपणहून ओरडेल ही आशा.

ती चूक झाली. खिंड उतरल्यावर पाऊस आला. आधी वाऱ्याबरोबर चार थेंब, मग एकदम सरच. सगळे हसत होते, शेतकरी तर तोंड वर करून चालत होते, आणि मीही त्यांच्याबरोबर नाचलो, पावली खेळलो, आणि चंची माझ्या मुठीत भिजली. सर थांबल्यावर लक्षात आलं. मूठ उघडली तर जांभळा रंग तळहातावर उतरलेला. मेणकापडाच्या तुकड्यात गुंडाळून सदऱ्याच्या आत ठेवली, पण उशीर झाला होता.

वाल्हे हे वाल्मीकींचं गाव, असं तिथली माणसं सांगतात. गावाच्या बाहेर तळाचं मोकळं रान. आम्ही पोचलो तेव्हा दुपार होती, ढग फाटून ऊन पडलं होतं आणि जमिनीतून वाफ येत होती. एकेक दिंडी तळावर शिरून आपापल्या जागी उभी राहत होती. मधल्या मोकळ्या जागेत पालखी यायची, भोवती सगळ्या दिंड्या. तोपर्यंत टाळ थांबत नाहीत. मी आधीच पुढं जाऊन चोपदारांच्या माणसाकडे चंची दिली. आत काय आहे ते सांगितलं, आणि भिजली हेही सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि एका टोपल्यात ठेवली. टोपल्यात आधीच दोन मोबाइल होते, एक चष्मा, एकच टाळ, औषधांची पिशवी आणि एका लहान मुलाची चप्पल.

समाजआरती ज्यांनी पाहिली नाही त्यांना मी कसं सांगू. पालखी तळावर टेकली. शेकडो टाळ आणि पखवाज एका वेळी वाजतायत, शेजारचा कानात बोलला तरी ऐकू येत नाही. चोपदारांनी दंड वर उचलला आणि लांब "होऽऽऽ" केलं. आणि सगळं थांबलं. हळूहळू नाही, एकदम. त्या शांततेत मला लांबच्या झाडावरचा कावळा ऐकू आला, आणि पताकेचं कापड काठीवर फडफडलेलं ऐकू आलं.

पण सगळे टाळ थांबले नव्हते. डावीकडून एका दिंडीचे टाळ वाजतच होते. खण, खण, खण. हा रिवाज आहे. ज्या दिंडीला तक्रार सांगायची असते ती दंड उचलल्यावरही टाळ थांबवत नाही. मग सोहळ्याला त्यांचं ऐकावंच लागतं. चोपदार तिकडं गेले. त्यांच्या तंबूच्या जागेत कुणाची तरी गाडी लागली होती, बायकांना उतरायला जागा नव्हती, असं मागून कळलं. बोलणं झालं, निकाल झाला, टाळ थांबले. लाखोंच्या जमावात एका दिंडीचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय आरती सुरू होत नाही. मी कामगार म्हणून कितीतरी अर्ज लिहिले, कितीतरी दारांत उभा राहिलो. वाजत राहिलेल्या टाळाइतकं सोपं आणि सरळ दुसरं काही मी बघितलं नाही. चोपदार त्या दिंडीकडे चालत जातात तेव्हा दरवर्षी माझे डोळे भरतात.

मग हरवलं-सापडलं. सगळे शांत उभे. एकेक वस्तू हातात उंच धरून सांगत होते. चष्मा गेला, टाळ गेला. चप्पल वर धरली तेव्हा एक बाप खांद्यावर पोरगं घेऊन पळत आला, पोराचा एक पाय उघडा. मग, "एक चंची सापडली आहे, जांभळी, दौंडजच्या खिंडीत."

कुणी आलं नाही. दुसऱ्यांदा पुकारलं. मी टाचा उंचावून बघत होतो. आणि मग माझ्या समोरच्या बाजूला दिंडीच्या शेवटच्या ओळीतून हात वर झाला. तिथून पालखीपर्यंत यायला तिला वेळ लागला, पण सगळे थांबले. सत्तरीची बाई, नऊवारी, गळ्यात माळ, डोक्यावर तुळशीची चुंबळ तशीच. विचारलं, आत काय आहे? तिनं सांगितलं ते मला लांबून ऐकू आलं नाही. चंची तिच्या हातात दिली. आरती सुरू झाली.

आरतीनंतर मी तिला गाठलं. सांगायला हवं होतं की भिजली ती माझ्या हातून. ती तळाच्या कडेला एका दगडावर बसून पुरचुंडीची गाठ दातानं सोडत होती. अडकित्ता, डबी, नोटा बाजूला मातीत पडल्या होत्या. मी नोटा उचलून दिल्या तर म्हणाली, "पैसं ऱ्हाऊ द्या तिकडं. ही गाठ बगू द्या आदी."

गाठ सुटली. मूठभर शाळू. मालदांडी, म्हणाली. ती मंगळवेढ्याकडची. मी ते ऐकून चमकलो, कारण मंगळवेढं पंढरपूरपासून पंचवीसेक किलोमीटर. हिच्या घरापासून विठोबा तासाभराच्या गाडीवर, आणि ही आळंदीला जाऊन तिथून अडीचशे किलोमीटर चालत येते. ती दरवर्षी घरातल्या बियाण्यातलं मूठभर बरोबर घेते. आळंदीत पादुकांना लावायचं, पंढरपुरात पायरीला लावायचं, आणि हस्ताच्या पावसावर शाळू पेरायची वेळ आली की बाकीच्या बियाण्यात मिसळायचं. सासूनं हेच केलं, आता ती करते. खिंडीत सुपारी कातरायला चंची काढली होती. रेल्वे आली म्हणून हात वर करत उभी राहिली आणि चंची दगडावरच राहिली.

"माझ्यामुळं भिजलं," मी म्हणालो. "पाऊस आला तेव्हा माझ्या हातात होती."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग आभाळाकडं. "पाऊस आला त्यो काय तुमी आणला?" आणि मग दाण्यांकडं वळून म्हणाली, "पर वाळवाया पायजेत आत्ताच. रातभर असं बांधलं तर मोड येतील, मग पेरायच्या कामाचं न्हाईत."

तिनं पदराचं टोक दगडावर पसरलं आणि दाणे त्यावर ओतले. मी माझं उपरणं दिलं तर म्हणाली, नको, हळद लागलीय त्याला. मग मी वाऱ्याच्या बाजूला बसलो, आडोसा होईल असा. ती एकेक दाणा बोटानं वेगळा करत होती. कोरडे इकडं, ओलसर मध्ये. फुगलेले सात-आठ निघाले, ते तिनं टाकले नाहीत, तोंडात टाकले. मध्येच दोन चिमण्या आल्या, त्यांना मी हात हलवून उडवलं, तर म्हणाली, "खाऊ द्या की दोन."

ऊन चांगलं होतं. तासभर तरी आम्ही बसलो असू. फार बोललो नाही. तिला तीन मुली, मुलगा नाही, जमीन कसते ती आणि मधला जावई. मला तिनं विचारलं, काय करता. एसटीत होतो म्हणालो. कुठली गाडी? मी सांगितली. "त्या गाडीनं आलीय मी," ती म्हणाली, "लई येळा." मीच तिला तिकीट दिलं असेल. असेलच.

उद्या नीरेला पादुकांचं स्नान, नदी ओलांडली की सातारा जिल्हा, मग लोणंद. तिनं पाच-सहा दाणे दाताखाली घेऊन बघितले, कटकन वाजले. मग सगळे गोळा केले, पुरचुंडी बांधली, एक गाठ मारली, वर आणखी एक मारली. पलीकडच्या तंबूत हरिपाठाचे टाळ सुरू झाले होते. तिनं चंची कमरेला खोचली, वरून हात फिरवून बघितला, आणि दगडाला धरून उठली.